डबा नेऊनही अपेक्षेइतके पैसे वाचत नाहीत. हिशोबात चूक कुठे आहे?

हिंजवडीचा प्रवासी

नमस्कार. गेले तीन महिने मी कार्यालयात घरचा डबा नेत आहे आणि त्यामागे पैसे वाचवणे एवढाच हेतू आहे, हे आधीच कबूल करतो. तब्येतीचे फायदे मला मान्य आहेत, पण माझा प्रश्न निव्वळ आकड्यांचा आहे.

डबा सुरू करण्यापूर्वी महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांपैकी साधारण १३ दिवस मी कॅन्टीनची १३० रुपयांची थाळी घेत असे आणि उरलेले ९ दिवस ॲपवरून काहीतरी मागवत असे, ज्याचे घरपोच शुल्क, पॅकिंग आणि कर धरून सरासरी २६० रुपये होत. म्हणजे १,६९० आणि २,३४० मिळून ४,०३० रुपये. घरच्या डब्याला दिवसाला फार तर ४० रुपये लागतील असा माझा अंदाज होता. त्यानुसार महिन्याला ८८० रुपये खर्च आणि तीन हजारांहून अधिक बचत व्हायला हवी होती.

प्रत्यक्षात तसे झालेले नाही. मी खर्चाची नोंद ठेवतो. किराणा, भाजी आणि गॅस मिळून घरखर्च महिन्याला सरासरी १,३०० रुपयांनी वाढला आहे, आणि शिवाय महिन्यातून सहा दिवस तरी मी अजूनही बाहेरून मागवतोच: कधी डबा घरी राहतो, कधी बैठक लांबते, आणि खरे सांगायचे तर कधी झाकण उघडल्यावर दोडका पाहून मन उडते. त्या सहा दिवसांचे १,५६० रुपये. दोन्ही मिळून २,८६०, म्हणजे बचत जेमतेम १,१७०. त्यातच सुरुवातीला उत्साहाच्या भरात दोन कप्प्यांचा उष्णतारोधक डबा, पिशवी आणि ताकाची बाटली असे १,८५० रुपयांचे सामान घेतले. ते वजा केले तर तीन महिन्यांत हाती उरले १,६६० रुपये. एवढ्यासाठी रोज पहाटेची धावपळ करावी का, असा प्रश्न पडला आहे. घरी आम्ही दोघेच आहोत आणि दोघेही नोकरी करतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जमाखर्च (डोंबिवली)

बत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे दुसऱ्याचा ताळेबंद दिसला की मला राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. भाव माझ्या बाजारातले आहेत. तुमच्याकडे रुपया-दोन रुपयांचा फरक पडेल.

एका डब्यात तीन पोळ्या, एक भाजी आणि थोडी कोशिंबीर किंवा ताक धरा. गहू आणि दळण मिळून कणीक मला ४४ रुपये किलो पडते आणि मध्यम आकाराच्या पोळीला सुमारे ३५ ग्रॅम कणीक लागत असल्यामुळे एका किलोत २८ पोळ्या होतात. म्हणजे वरचे तेल धरूनही पोळी दोन रुपयांच्या वर जात नाही. तीन पोळ्यांचे ६ रुपये. ८० रुपये किलोची भाजी दोघांना पाव किलो पुरते, म्हणजे माणशी १० रुपये. तेलाचे ३ आणि कांदा, फोडणी, दाण्याचे कूट यांचे ३. गॅसचा बाऊ लोक उगाच करतात: १४.२ किलोचे सिलिंडर साडेआठशेला धरले तर किलोला ६० रुपये पडतात, आणि साधी शेगडी तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस खाते, त्यामुळे दोघांच्या स्वयंपाकाला ४० मिनिटे लागली तरी सहा रुपये, माणशी तीन. कोशिंबिरीचे ५. एकूण ३० रुपये. उसळीचा दिवस असेल तर याहूनही कमी, कारण भिजवून मोड आलेली मटकी दुपटीहून अधिक फुगते.

आता तुमच्या नोंदीकडे येते. ३० रुपयांप्रमाणे २२ दिवसांचे ६६० होतात आणि तुमचा घरखर्च वाढला आहे १,३०० ने. म्हणजे दुप्पट. हे ६४० रुपये कुठे गेले, याचा शोध घ्या. माझा संशय ‘डब्यासाठी खास’ आणलेल्या वस्तूंवर आहे: पनीर, चीज, तयार रॅप, कापलेल्या फळांचे डबे. डबा हा रात्रीच्या स्वयंपाकातून निघाला तर स्वस्त पडतो. त्याच्यासाठी वेगळा संसार मांडला की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. रात्री दोघांसाठी जी भाजी करता ती चौघांच्या मापाने करा आणि अर्धी जेवायला बसण्यापूर्वीच काढून ठेवा. जेवणानंतर उरेल ती डब्यात, असे ठरवले तर काहीही उरत नाही, हा माझ्या घरचा अनुभव आहे.

मात्र तुमची मोठी गळती किराण्यात नाही. २,८६० पैकी १,५६० रुपये त्या सहा दिवसांनी खाल्ले आहेत. डबा चुकला म्हणजे ॲप उघडायचे, ही सवय तुम्ही जुन्या दिवसांतून सोबत आणली आहे. त्या सहाही दिवशी कॅन्टीनमध्ये उतरून १३० ची थाळी घेतली असती, तर डब्यात काडीचाही बदल न करता महिन्याला ७८० रुपये वाचले असते. कार्यालयाच्या खणात भडंग, खाकरे आणि दाण्याच्या चटणीची एक बरणी ठेवा. अर्धा डबा नावडता निघाला तरी निभावून जाते. आणि १,८५० रुपयांच्या सामानाचे दुःख करू नका. ते तीन महिन्यांवर नव्हे, तीन वर्षांवर वाटायचे असते. महिन्याला ५२ रुपयेसुद्धा पडत नाहीत.

चर्चगेट लोकल

वरील हिशोब बिनचूक आहे. मी फक्त एक जुनी गोष्ट जोडतो, जी बचतीशीच संबंधित आहे.

माझे वडील फोर्टातल्या एका कचेरीत होते आणि त्यांचा डबा अंधेरीहून डबेवाल्याकडून जात असे. १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या माणसांनी उभी केली, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण घरात तिचा हिशोब कसा बसत असे, हे फारसे कोणी सांगत नाही. सात पन्नासच्या गाडीत उभे राहायला जागा नाही तिथे डबा कुठे धरणार, आणि त्यासाठी आईने साडेपाचला उठून पोळ्या का लाटायच्या? डबेवाला नऊनंतर दाराशी येई, म्हणून वडील गेल्यावर दीड तासाने स्वयंपाक झाला तरी चाले. महिन्याच्या शुल्कात आम्ही वाहतुकीबरोबर आईची झोपही विकत घेत होतो.

दुसरे म्हणजे तोच डबा दुपारी परत येत असे. चारच्या सुमाराला आई कप्पे एकेक करून उघडे आणि पाहत असे: पोळी एक उरली, भेंडी संपली, दुधी तसाच. वडिलांनी तोंडाने कधी तक्रार केली नाही, पण दुधी दोनदा परत आला की तिसऱ्यांदा त्याची कोफ्ता-आमटी होई आणि ती डब्यात न जाता रात्रीच्या जेवणात येई. तुमचा दोडका हा तसाच निरोप आहे, फक्त तो वाचणारे कोणी नाही. न खाल्लेला डबा नुसता ३० रुपये वाया घालवत नाही. तो वर २६० रुपयांची मागणी घेऊन येतो. तेव्हा महिनाभर रात्री डबा घासायला टाकताना काय उरले ते दोन शब्दांत फ्रिजवर लिहून ठेवा. आठ-दहा भाज्यांची यादी आपोआप तयार होईल.

२०२० च्या टाळेबंदीत डबे बंद झाले आणि मी घरून काम करू लागलो, तेव्हापासून माझा डबा कायमचा सुटला. आता आठवड्यातून तीन दिवस जावे लागते आणि त्या तीन दिवशी मी सरळ बाहेर खातो. त्यामुळे हा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हेही नमूद करतो.

पहाटेची पाळी

सर्वांचे आकडे वाचले. दोन प्रश्न विचारते.

पहिला: पहाटेची धावपळ ‘करावी का’ असे आपण लिहिले आहे, पण ती धावपळ करतो कोण? तीन पोळ्या, भाजी, ओट्याची आवराआवर आणि डबा भरणे याला मला ५० मिनिटे लागतात आणि मी हातासरशी काम करणारी बाई आहे. महिन्याचे अठरा तास झाले. जमाखर्च ताईंनी गॅसचे तीन रुपये मोजले, ते योग्यच आहे; पण जिथे तीन रुपये मोजले जातात तिथे अठरा तासांपुढे शून्य का, हे मला कधी उमगलेले नाही. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दोन माणसांच्या एक वेळच्या स्वयंपाकाचे महिन्याला साडेतीन हजार घेतात. हा त्या कामाचा बाजारभाव आहे. तो धरला तर आपली १,१७० ची बचत बचत राहत नाही. आपल्या खिशातला खर्च घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी झोपेवर टाकला गेला आहे, एवढेच तिच्यातून दिसते. हे काम आपण स्वतः करत असाल तर हा परिच्छेद सोडून द्यावा आणि माझी क्षमा स्वीकारावी.

दुसरा प्रश्न अधिक साधा आहे. आपल्या पत्नीही नोकरी करतात, मग त्या दुपारी काय जेवतात? ४,०३० मध्ये त्यांचे जेवण नाही, ८८० मध्येही नाही. त्या हिशोबात कुठेच दिसत नाहीत.

चाकण शिफ्ट

एक उलटे उदाहरण. आमच्या कारखान्यात कॅन्टीनची थाळी कामगाराला २५ रुपयांत मिळते, कारण उरलेला भार कंपनी उचलते. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीनची सोय करायला लावण्याची तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमातच होती, आणि १५० हून अधिक कामगार असतील तिथे घरचा डबा बसून खाता येईल असा भोजनकक्ष हवा, हेही त्याच कायद्यात होते. आमच्याकडे तो कक्ष आहे, पण तिथे डबा खाणारे बहुतेक पथ्यावर असलेले लोक असतात. पंचवीस रुपयांत गरम आमटी-भात मिळत असताना तीस रुपयांचा गार डबा पैशासाठी नेणे व्यवहारात बसत नाही. आपले कॅन्टीन १३० घेते म्हणून आपला प्रश्न उभा राहिला. प्रत्येकाने आधी आपल्या कॅन्टीनचा दर पाहावा.

ऊन-सावली (नागपूर)

बचतीत एक खड्डा कोणी दाखवला नाही, तो म्हणजे नासलेला डबा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा सकाळी आठला भरलेली मुगाची उसळ दीड वाजता उघडली तर वास येण्याआधी झाकणाखाली फेस दिसतो. दोन उन्हाळे मी हा तोटा सोसला आणि मग काही गोष्टी शिकलो.

वाफ धरलेला पदार्थ झाकणबंद करू नये; भाजी परातीत पसरून, पंख्याखाली निववून मगच भरावी. ओले खोबरे, दाण्याचे ओले वाटण आणि टोमॅटोचा रस्सा उन्हाळ्यात डब्यात घालू नये. कोरडा झुणका, कारल्याच्या काचऱ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या हे चांगले टिकते, आणि कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेल्या दशम्या पूर्वी प्रवासाला नेत त्या टिकतात म्हणूनच. भाताच्या बाबतीत मात्र अंदाजाने वागू नका. रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी फोडणीला टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, पण बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढीला लागतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये हा सर्वसाधारण नियम आहे. तेव्हा डब्याचा भात रात्रीच निववून फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आपल्या नव्या डब्याच्या झाकणातली रबरी कडी सुरीच्या टोकाने काढून पाहा. माझ्या डब्याची काढली तेव्हा खाली हळदीची पिवळी रेघ आणि तिच्यावर काळी बुरशी होती, आणि तो डबा मी रोज घासत होतो. तुमचे ‘मन उडते’ त्यात या वासाचाही वाटा असू शकेल.

हिंजवडीचा प्रवासी

उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण एक पूर्ण महिना नव्याने नोंदवून मगच लिहायचे ठरवले होते. सर्वांचे आभार. रबरी कडी काढली. नागपूरच्या काकांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. कडी सोडाखारात उकळली आणि आता दर रविवारी काढून धुतो.

जमाखर्च ताईंनी सांगितलेले ६४० रुपये शोधायला मी जुनी बिले काढून बसलो. पनीर दोनदा, चीज एकदा. त्यातून दीडशेसुद्धा भरेनात. शेवटी ‘पहाटेची पाळी’ यांचा दुसरा प्रश्न पत्नीला वाचून दाखवला. ती हसली आणि म्हणाली की एवढे दिवस विचारायचे तुला सुचले नाही का. लग्न झाल्यापासून ती डबा नेतेच आहे, मात्र त्यात आदल्या दिवशीच्या दोन पोळ्या आणि लसणाची चटणी किंवा साखरांबा असे, कारण एकटीसाठी सकाळी कोण भाजी करणार. माझा डबा सुरू झाल्यापासून ताजी भाजी होऊ लागली, तेव्हा ती दोघांची होऊ लागली. म्हणजे वाढलेले १,३०० रुपये दोन डब्यांचे आहेत. तीस दुणे साठ, गुणिले बावीस, १,३२० रुपये. ताईंचा दर वीस रुपयांच्या फरकाने बरोबर आहे. चूक माझ्या मांडणीत होती. मी एका माणसाच्या जेवणाचा खर्च मोजत होतो आणि दुसरे माणूस तीन वर्षे शिळ्या पोळीवर दुपार काढत होते, हे माझ्या वहीत कुठेच नव्हते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणेही भाग आहे. पोळ्या ती करत होती. मी भाजी चिरायचो आणि डबे भरायचो, तेही रोज नाही. आता भाजी रात्री चौघांच्या मापाने मी करतो आणि जेवायला बसण्याआधी अर्धी बाजूला काढतो. माझ्या पोळ्यांना अजून आकार नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवस सोसायटीजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून रात्रीच सहा पोळ्या आणतो. दहा रुपयांना एक, म्हणजे महिन्यातल्या नऊ दिवसांचे ५४० रुपये. ताईंच्या दराने त्याच पोळ्या घरी १०८ रुपयांत झाल्या असत्या, हे मला समजते. पण त्या दोन दिवशी पत्नी पावणेसातला उठते आणि ही रक्कम कमी करण्याचा विषय काढायचा नाही, असे तिने स्पष्ट सांगितले आहे.

गेल्या महिन्याचे आकडे असे: किराणा, भाजी, गॅस मिळून वाढ १,१५०, पोळ्यांचे ५४०, तीन दिवस कॅन्टीनची थाळी ३९०, आणि एक दिवस मोह झाला त्याचे २६०. एकूण २,३४०. पूर्वीच्या ४,०३० मधून वजा जाता १,६९० उरतात, आणि त्यात आता दोघांचे जेवण आहे.

फ्रिजवरच्या यादीत दोडका दोनदा आला आहे. चर्चगेट लोकल काकांना विचारायचे होते की दुधीचा कोफ्ता होतो, पण दोडक्याचे काय करत असत?

चर्चगेट लोकल

सालीची चटणी. तीळ आणि सुके खोबरे घालून तव्यावर कोरडी परतायची. ती आठवडाभर टिके आणि डब्यात रोज चमचाभर जाई. उरलेला गर मुगाच्या डाळीत घालून रात्री संपवत असू. दोडका असा डब्यात गेल्याचे मला आठवत नाही.